आईच्या गाण्याची जुनी रिळं: आवाज पुरुषी का येतोय?

गावभाग_सांगली

आप्पांनी सत्तरच्या दशकात आईचं गाणं घरीच रेकॉर्ड केलं होतं. सात इंची अकरा रिळं आहेत. प्रत्येक खोक्यावर आप्पांच्या अक्षरात राग, तारीख आणि ‘१२०० फूट, ७½’, म्हणजे टेपची लांबी आणि सेकंदाला साडेसात इंच हा वेग. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीतला टेपरेकॉर्डर गेला, रिळं माळ्यावर होती म्हणून वाचली.

आता मामेभावाने अमेरिकेतून त्याचा जुना डेक (रिळं वाजवायचं यंत्र) आणून दिलाय, ११० व्होल्टचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवला. आई काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी) गायची, तिचा मिरजेचा तंबोरा आजही त्याच सुरात लावून ठेवते मी. टेपवर मात्र पांढरी चार लागतेय, तीही किंचित उतरलेली. गाणं संथ आणि आवाज जड. उजव्या स्पीकरमधून कुणीतरी उलटं गातंय. एका रिळाने हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट थर सोडला आणि टेप किंचाळायला लागली. आईचा आवाज माझ्या हातून बिघडेल अशी धास्ती वाटतेय.

सातारचा_रेडिओवाला

ताई, आधी ते किंचाळणारं रीळ थांबवा. पुन्हा लावून बघायचा मोह आवराच. टेपवरचा लेप धरून ठेवणारा थर दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो. अशी टेप मंद, नेमक्या उष्णतेत कोरडी करतात, पण ते काम जाणकाराचं. घरच्या ओव्हनमध्ये चुकूनही नको. रीळ उजेडासमोर आडवं धरा. कडेने उजेड आरपार दिसला किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर टेप अ‍ॅसिटेट या जुन्या प्लास्टिकची; तिला उष्णता मुळीच द्यायची नाही. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळल्यावरच पुढचं रीळ.

सुराचं कोडं तंबोऱ्यानेच सोडवलंय. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. बऱ्याच जुन्या डेकची मोटर फ्रीक्वेन्सीच्या तालावर फिरते, म्हणजे तिकडे सहा फेरे होतात तेवढ्यात इथे पाचच. सूर तीन पट्ट्यांहून जरा जास्त उतरतो. घड्याळ लावून बघा: १२०० फुटांचं रीळ ७½ वर साधारण ३२ मिनिटांत संपायला हवं, तुमचं ३८ घेत असेल.

मिरज_तारा

उलटं गाणं म्हणजे रिळाची दुसरी बाजू, ताई. आप्पांचा रेकॉर्डर टेपच्या अर्ध्या रुंदीत एका बाजूचा एकच आवाज (मोनो) भरणारा असणार, हा डेक चार ट्रॅकचा, दोन्ही अर्ध्यांतला एकेक ट्रॅक एकदम वाचणारा. त्यामुळे डावीकडे ही बाजू सुलट, उजवीकडे पलीकडची उलटी. घाबरू नका, एका फेरीत दोन्ही बाजू मिळतायत. कॉम्प्युटरवर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये घ्या, वेग १.२ पट करा, उजवा चॅनल उलटा करा. टेपला एकदाच चालायचे कष्ट पडतील, माझ्या लेखी हेच मोठं.

गावभाग_सांगली

साडेअडतीस मिनिटं लागली. काल रात्री यमनचं रीळ घेतलं, वेग वाढवला आणि तंबोरा छेडला. षड्ज जुळला. दुसऱ्या बाजूला मी आहे, चार-पाच वर्षांची, आईच्या मागून ‘नि रे ग’ म्हणतेय. हे रेकॉर्ड झाल्याचं मला माहीतच नव्हतं. चिकट रीळ कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवलंय. त्याच्या खोक्यावर ‘भैरवी’ लिहिलंय. ते काम करून देणारे जाणकार जवळपास कुणी असतील तर सांगा, मी स्वतः घेऊन जाईन.