निळी पाल पाळून वाचेल का?

रानवाट:
टांझानियात उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याशी किंबोझा नावाचं जंगल आहे, जेमतेम चार चौरस किलोमीटरचं. तिथे आणि आसपासच्या मोजक्या तुकड्यांतच एक बोटभर लांबीची पाल सापडते, लायगोडॅक्टायलस विल्यम्सी. नर निळाशार, मादी हिरवट. राहते फक्त आपल्या केवड्याच्या कुळातल्या एका उंच झाडावर. धोका दिसला की पानांच्या बेचक्यात शिरते, म्हणून पकडणारे झाडच तोडून आडवं करायचे. पाल गेली ती गेलीच, मागे राहिलेल्यांचा निवाराही गेला. २००४ ते २००९ या काळात एकाच टोळीने किमान ३२ हजार पाली नेल्याचा अंदाज आहे. कशासाठी, तर युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांतल्या काचपेट्यांसाठी! माझं स्पष्ट मत आहे की हिची हौशी खरेदी-विक्री पूर्ण बंद व्हावी. पेटीत जन्मलेल्या पिल्लांचीसुद्धा.

काचघर:
सरसकट बंदी मला पटत नाही. ही पाल बंदिवासात सहज अंडी घालते. कायदेशीर पिल्लू मिळत असेल तर जंगलातली चोरीची पाल कोण घेईल? २०१७ पासून ती साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून पकडलेल्यांचा असा व्यापार बंदच आहे. शिक्षा नीट पाळणाऱ्यांना कशाला?

रानवाट:
कारण पिल्लू पेटीतलं की जंगलातलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. कागदावर ‘बंदिवासात जन्मलेली’ लिहिलं की काम झालं. अन् पेटीतल्या हजार पिल्लांनी किंबोझातलं तोडलेलं एक झाड तरी उभं राहतं का?

सह्यभ्रमर:
दोघांचं वाचलं. पण भांडण नुसतं व्यापारावरच का? किंबोझात बाहेरून आणलेलं सेड्रेला झाड माजलंय, त्यात वणवे. उद्या एकही पाल विकली गेली नाही, तरी केवडा राहिला नाही तर ती राहणार कुठे? आणि पाली पकडणारे गावकरी हातावर पोट असलेले. त्यांना केवडा लावायची, सेड्रेला काढायची मजुरी द्या.

काचघर:
हेच म्हणतोय मी. त्या मजुरीला पैसा लागतो. पाळणाऱ्यांकडून प्रत्येक पिल्लामागे शुल्क घ्या आणि थेट त्या जंगलाला द्या. आम्ही देऊ.

रानवाट:
शुल्काला माझा विरोध नाही. पण आधी पैसा किंबोझात पोचू दे, झाडं लागू देत, मग विक्रीचं बोलू. आज तुम्ही क्रम उलटा लावताय.