नुसतं पाणी मारून भागत नाही
वर कुणीतरी म्हटलंय की कोळसा खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढीग धुमसायला लागला की पाणी मारा, संपलं. तसं नाही हो. आत लालबुंद झालेल्या कोळशावर पाणी पडलं की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, स्फोटसुद्धा होऊ शकतो. खरी भानगड हवेची आहे. डंपरने माल वरून कडेला ओतला की मोठे दगड घरंगळत तळाशी जातात, तिथल्या फटींतून हवा आत शिरते आणि ढीग धुराड्यासारखा हवा ओढायला लागतो, मग आतला कोळसा आपोआप तापत जातो, त्यात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवा लागली की तेही तापतं) असेल तर बघायलाच नको. म्हणून पातळ थर टाकायचे, प्रत्येक थर रोलरने दाबायचा आणि चिकणमाती उतारांवरही चढवायची, फक्त माथ्यावर नाही. भेगेतून वाफ येतेय, कडेला पिवळा गंधक जमलाय असं दिसलं तर आत पेटलंय समजा आणि वर चढू नका, खाली पोकळी असू शकते.