शॅरन जोन्स: जुन्या सोलची नक्कल की खरी वारसदार?

तबकडीप्रेमी
अमेरिकन गायिका शॅरन जोन्सबद्दल एक आक्षेप सारखा ऐकू येतो: सोलचा, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गॉस्पेलमधून आलेल्या संगीताचा, १९६७ सालचा आवाज तिनं २००२ साली पुन्हा काढला, त्यात तिचं स्वतःचं काय? मला हा आक्षेप अजिबात पटत नाही.

तिचा जन्म १९५६चा, जॉर्जियातल्या ऑगस्टाचा. सोलचा बादशहा जेम्स ब्राउन वाढला तेच हे गाव. ती लहानपणी ब्रुकलिनला आली, चर्चमध्ये गॉस्पेल गायली, पुढे लग्नसमारंभांच्या बँडमध्ये गायली. रेकॉर्ड कंपन्यांकडून काय ऐकून घ्यावं लागलं, तर फार काळी, फार जाड, फार बुटकी, वय झालेली. मग पोटासाठी न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी, नंतर रोकड नेणाऱ्या गाडीवर रक्षकाची. १९९६ साली सोल गायक ली फील्ड्सच्या एका रेकॉर्डिंगला साथीसाठी तीन गायिका हव्या होत्या. ही एकटीच पोचली आणि तिन्ही आवाज एकटीनं गाऊन मोकळी झाली. पहिला अल्बम आला तोवर पंचेचाळिशी उलटली होती. सोल तिनं तबकड्या जमवून शिकलेलं नाही, ती त्यातच वाढली. संधी तेवढी तीस वर्षं उशिरा मिळाली.

कोथरूडकर
तिच्या कष्टांबद्दल वादच नाही, पण कष्ट आणि कला यांची तुम्ही गल्लत करताय. जेम्स ब्राउननं १९६५च्या सुमारास सगळा जोर पहिल्या मात्रेवर आणला, तेव्हा तसं कुणीच वाजवत नव्हतं. ते संगीत त्या क्षणी नवं होतं, म्हणून पेटलं. शॅरनच्या तबकड्या काढणाऱ्या डॅपटोन कंपनीनं काय केलं? ब्रुकलिनच्या बुशविकमधल्या एका जुन्या घरात स्टुडिओ थाटला, आठ ट्रॅकचं टेप मशीन लावलं आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा आवाज हुबेहूब उतरवला. आधीच्या डेस्को कंपनीच्या तबकड्या तर जुन्याच वाटाव्यात अशा बेतानं काढलेल्या असायच्या. त्याच सुमारास, २०००मध्ये, गायक डी'अँजेलोनं ‘वूडू’ हा अल्बम केला. सोल पुढे नेणं म्हणतात ते याला.

तबकडीप्रेमी
‘वूडू’सुद्धा टेपवरच रेकॉर्ड झालाय, जुनी यंत्रं वापरून! म्हणजे यंत्रावरून निवाडा करता येत नाही. आपल्याकडे घराण्याची गायकी जशीच्या तशी पेलणाऱ्याला कुणी नकलाकार म्हणत नाही, मग इथेच का?

आणि जरा बारकाईनं ऐका. पहिल्याच अल्बमात तिनं जॅनेट जॅक्सनचं १९८६चं ‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’ घेतलंय. मूळ गाणं सिंथेसायझर आणि ड्रम मशीनचं. इथे खरे ड्रम्स, तुटक गिटार, ब्रासचे फटकारे. ऐकताना वाटतं की जॅनेटनंच हिच्याकडून घेतलं असावं! २००५च्या अल्बमात लोकगायक वुडी गथ्रीचं ‘धिस लँड इज युअर लँड’ आहे. खासगी मालमत्तेच्या पाटीचं, शाळेत सहसा गाळलं जाणारं कडवं ती ठासून गाते. दक्षिणेतून आलेल्या काळ्या बाईच्या तोंडी ते आलं की ‘ही भूमी तुझी’ या ओळीला धार चढते. नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही.

जर्सीवासी
कोथरूडकर, तुम्ही तिला स्टेजवर पाहिली असती तर आवाज उतरवण्याची भाषा केली नसती. २०१३मध्ये कॅन्सर निघाला, ऑपरेशन आणि केमो झाली, अल्बम लांबणीवर पडला. फेब्रुवारी २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरला ती परत आली ती विग न लावता, तुळतुळीत डोक्यानं. बुटकीशी बाई, पण बँडला दम खाऊ देत नव्हती. मध्येच बूट काढून फेकले आणि अनवाणी नाचली. माझ्या शेजारी सत्तरीचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते, ते पूर्ण वेळ उभे होते.

स्वरमेघ
मला वेगळीच गोष्ट सलते. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या २००६च्या ‘बॅक टू ब्लॅक’ अल्बममधल्या निम्म्याअधिक गाण्यांवर वाजवलंय डॅप-किंग्जनी, म्हणजे शॅरनच्याच बँडनं. ‘रिहॅब’सुद्धा त्यांचंच. २००८ला एमीला पाच ग्रॅमी मिळाले. शॅरनला आयुष्यात एक नामांकन, तेही ‘गिव्ह द पीपल व्हॉट दे वाँट’ या अल्बमसाठी, आजारपणानंतर, आणि पुरस्कार दुसऱ्यांनाच. एमी मलाही प्रिय आहे, तिचा दोष नाही. पण तोच आवाज, तीच माणसं. तरुण गोऱ्या मुलीसाठी वाजवलं तेव्हा जगाला ताजं वाटलं आणि पन्नाशीच्या काळ्या बाईसाठी वाजवलं की जुनंपुराणं. कोथरूडकर, तुमचा निकष एमीलाही लावणार का?

कोथरूडकर
लावणार, पण उत्तर वेगळं येईल. एमीची गाणी तिच्या स्वतःच्या पडझडीतून आली आणि तिनंच लिहिली. शॅरनची बरीचशी गाणी बेस वाजवणाऱ्या गेब्रियल रॉथनं आणि बँडमधल्या इतरांनी लिहिली. वंशभेदाचा मुद्दा मान्य. पण अन्याय झाला म्हणून संगीत नवं ठरत नाही.

तबकडीप्रेमी
अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ ओटिस रेडिंगनं लिहिलंय. तरी ते आज कुणाचं गाणं म्हणून ओळखलं जातं? सोलमध्ये गाणं गाणाऱ्याचं होतं. शॅरनचं ‘हंड्रेड डेज, हंड्रेड नाइट्स’ ऐका: गाणं मध्येच जवळजवळ थांबतं, लय निम्मी होते आणि त्या संथ ठेक्यावर ती तोच मुखडा पुन्हा उचलते. ते कागदावर कुणी लिहिलं याचा मला काडीचाही फरक पडत नाही.