बाळ अतिदक्षता विभागात, आईचे दूध कमी होत आहे: मदत हवी आहे

आमचे बाळ 31व्या आठवड्यात सिझेरियनने जन्मले असून आज त्याचा 12वा दिवस आहे. श्वासासाठी आता यंत्राचा आधार लागत नाही. मात्र चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, त्यामुळे तोवर दूध नळीवाटेच द्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

पत्नीला सहाव्या दिवशी घरी सोडले आणि तेव्हापासून दूध जवळजवळ निम्म्यावर आले आहे. ती इलेक्ट्रिक पंपाने एकेका बाजूने दिवसा सहा वेळा व रात्री एकदा दूध काढते. पंपाच्या कपाचा आकार परिचारिकेने तपासला आहे. आधी शेक आणि हलका मसाजही करून पाहिला. रोज तासभर ती बाळाला कांगारू पद्धतीने उराशी धरते आणि त्यानंतर लगेच काढलेले दूध नेहमी अधिक भरते, ही आमच्या वहीतील सर्वांत आशादायक नोंद आहे. टाके अजून दुखत असल्याने रुग्णालयाची दिवसाला एकच फेरी शक्य होते. औषधांविषयी आम्ही डॉक्टरांनाच विचारणार आहोत, म्हणून कृपया गोळ्या किंवा काढे सुचवू नयेत. वरच्या दुधाला आमचा विरोध नाही. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, म्हणून प्रत्येक मिलिलिटर आम्हांला मोलाचा वाटतो.

ज्या मातांचे दूध असे कमी होऊन पुन्हा वाढले, त्यांना रात्रीची खेप वाढवल्याने फरक पडला की दोन्ही बाजूंनी एकदम पंप केल्याने, आणि तो किती दिवसांत दिसला?