जुन्या कीबोर्डचे 'अनटेस्टेड' लॉट: घ्यायचे की लांबूनच नमस्कार?

खटखट्या:
ऑनलाइन जुने कीबोर्ड ढिगाने विकायला असतात, सगळे एका खोक्यात आणि वर्णनात एकच शब्द, अनटेस्टेड. माझ्या मते याचा अर्थ सरळ "लावून बघितला, चालला नाही" असा धरायचा. चालू आहेत हे माहीत असतं तर विकणाऱ्याने एकेक करून चढ्या भावात नसते विकले? पण लोकांना फोटोत एक आयबीएम मॉडेल एम (स्प्रिंगवाला, शौकिनांचा लाडका) दिसला की पाघळतात आणि त्याच्यापायी बाकीचं रबर डोमवालं (बटणांखाली रबराचे घुमट असलेलं साधं) भंगार गळ्यात घेतात.

डिनपाच:
अजिबात नाही पटलं. विकणारा बऱ्याचदा ऑफिस रिकामं करणारा नाहीतर भंगारवाला असतो, तो कशावर टेस्ट करणार? 1981 च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड घ्या आणि 1984 च्या त्यांच्याच पुढच्या पीसीचा, एटीचा घ्या, दोघांना तोच पाच पिनांचा गोल डिन प्लग, पण सिग्नलची पद्धत वेगळी. पहिला साध्या अडॅप्टरने पीएस/2 ला (नंतरच्या पीसीवरचं छोटं गोल सॉकेट) लावला तर एक अक्षर उमटणार नाही आणि माणूस म्हणणार मेला. मेला नाही हो, त्याला प्रोटोकॉल बदलणारा कन्व्हर्टर लागतो, छोट्या मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्रॅम करता येणारी चिप) घरी बनतो. अॅपलच्या जुन्या कीबोर्डचा एडीबी प्लग तर हुबेहूब एस-व्हिडिओचा, म्हणजे टीव्हीच्या जुन्या व्हिडिओ केबलचा दिसतो, विकणारा बिचारा टीव्हीतच खुपसत बसेल. त्याला माहीत नाही यातच आपला फायदा.

खटखट्या:
आणि नसला कन्व्हर्टरचा प्रश्न तर? कीट्रॉनिक कंपनीचे ते फोम-फॉइलवाले कीबोर्ड उघडून बघा कधी. प्रत्येक बटणाखाली स्पंजची चकती असते, तिचा इतक्या वर्षांत चुरा झालेला असतो, बोटाला पिवळट भुसा लागतो. म्हणजे शंभराच्या आसपास चकत्या बदलत बसा. याला सौदा म्हणायचं का वेठबिगारी?

स्प्रिंगवेडी:
तुम्ही दोघंही "टेस्टेड" या शब्दाला फार भाव देताय. मॉडेल एम मध्ये स्टीलची पाटी प्लास्टिकच्या रिवेटांनी धरलेली असते, ते म्हातारपणी तुटतात. निम्मे तुटले तरी बरीचशी बटणं चालतात, विकणारा खुशाल टेस्टेड लिहितो आणि ते खोटंही नसतं. कीबोर्ड उलटा करून हलवला की आत खुळखुळ ऐकू येते, तेच तुटलेले तुकडे. मग सगळा उघडून बारीक ड्रिलने भोकं पाडून स्क्रू-नट बसवायचे. आल्प्स स्विचचंही (आल्प्स कंपनीचे बटणांखालचे यांत्रिक स्विच) तेच, सिग्नल जातो पण आत धूळ गेली की बटण खरखरतं, आणि ती खरखर साफ करूनही पूर्ण जाईल याची खात्री नाही. त्यापेक्षा मागच्या लेबलचा फोटो मागा, पार्ट नंबर आणि तारीख दिसते. एखादं कीकॅप (बटणावरची टोपी) काढून खालच्या स्विचचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

डिनपाच:
@स्प्रिंगवेडी लेबलचं मान्य. पण इतके प्रश्न विचारले की विकणारा सावध होतो, जाऊन नंबर शोधतो आणि भाव वाढवतो. मी गप्प घेतो.

कीकॅपचोर:
मला तर चालू-बंदशी देणंघेणंच नाही, मी जाड पीबीटी (एक टिकाऊ प्लास्टिक) कीकॅपसाठी घेतो. केस पिवळी पडली तरी डाय-सब (प्लास्टिकात रंग मुरवून छापलेली) अक्षरं तशीच असतात. बाकीचं पार्टवाल्यांना.

स्प्रिंगवेडी:
तुमच्यासारख्यांमुळेच टकले, कीकॅप नसलेले कीबोर्ड बाजारात फिरतात. जो दुरुस्त होऊ शकतो तो तरी पूर्ण ठेवा.

कीकॅपचोर:
ताई, मी घेतला नसता तर तो आख्खा कचऱ्यात गेला असता, कीकॅपसकट.

खटखट्या:
हे "मी वाचवला" प्रकरण मला कळत नाही. वाचवून पलंगाखालीच ठेवता ना? आणि पॅकिंगबद्दल कोणीच बोललं नाही. मॉडेल एम दोन किलोच्या वर, तो सगळ्यात वर रचून पाठवतात, खालच्या आल्प्सवाल्यांच्या बटणांचे दांडे मोडून येतात. आता हे "अनटेस्टेड" म्हणूनच घेतलंय, तर परत कशाच्या आधारावर करणार?

डिनपाच:
पॅकिंगचे फोटो आधी मागायचे, प्रत्येकात पुठ्ठा घाला म्हणून सांगायचं. एवढं विचारल्याने भाव नाही वाढत कोणाचा. आणि पलंगाखाली नाही, कपाटावर ठेवतो.