कॉम्प्रेसर ४ मिनिटांत बंद, पंखा मात्र चालूच. काय तपासावं?

विश्रामबागकर (सांगली)
नमस्कार मंडळी. दीड टनाचा स्प्लिट एसी, इन्व्हर्टर नसलेला, गॅस आर-३२. खोली १० बाय १२, वर थेट गच्चीचा स्लॅब. कॉम्प्रेसर सुरू झाला की ४-५ मिनिटांत 'टक्' वाजून बंद पडतो, आउटडोअरचा पंखा फिरतच राहतो. ७-८ मिनिटांनी घुमत घुमत परत सुरू, परत तेच. संध्याकाळी ७ ते १० मध्ये जास्त. सकाळी अर्धा अर्धा तास सलग चालतो. एक मेकॅनिक म्हणतो गॅस टॉप-अप करा, दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर गेला, बदला. खर्चात पडण्याआधी काय काय बघून घ्यावं?

मिरजेचा मेकॅनिक
कॉम्प्रेसर बदलायची घाई अजिबात करू नका. सकाळी अर्धा तास चालतोय म्हणजे आतल्या मोटरचं वाइंडिंग शाबूत आहे.

पंखा चालू आणि कॉम्प्रेसर एकटाच बंद, ही तुमची सगळ्यात मोठी खूण. थर्मोस्टॅटनं किंवा पीसीबीनं (एसीचा कंट्रोल बोर्ड) बंद केला असता तर अशा साध्या एसीत पंखाही थांबला असता, कारण दोघांना एकाच रिलेतून सप्लाय जातो. तुमच्याकडे ओव्हरलोड उडतोय. कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेला तो छोटा प्रोटेक्टर जास्त अँपिअरनं किंवा उष्णतेनं तुटतो आणि गार झाला की जुळतो. तो 'टक्' त्याचाच. ओव्हरलोड स्वतः खराब असणं क्वचित; तो काहीतरी सांगतोय, म्हणून आधी तोच बदलू नका. तो वगळून थेट जोडून तर कधीच चालवू नका, कॉम्प्रेसर खरोखरच जळेल.

आता क्लॅम्प मीटर लावा, कॉम्प्रेसरच्या एकाच वायरभोवती. दीड टनाला साधारण ७-८ अँपिअर हवेत, नेमका आकडा आउटडोअरच्या पट्टीवर छापलेला असतो. सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत बघत राहा. अँपिअर चढत चढत १०-११ वर जाऊन उडत असेल तर आउटडोअरची कॉइल (गॅस गार करणाऱ्या नळ्या आणि त्यावरच्या पातळ पत्र्या, म्हणजे फिन), कपॅसिटर किंवा व्होल्टेज. अँपिअर ५ च्या आसपास असूनही तापून उडत असेल, तरच गॅसचा संशय: गॅस कमी झाला की उष्णता वाहून न्यायला पुरेसा गॅसच फिरत नाही, म्हणून लोड कमी असूनही बॉडी तापते. हे मोजल्याशिवाय टॉप-अप म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

कपॅसिटर असा तपासा. रिमोटनं नव्हे, एमसीबीच पाडा. ५ मिनिटं थांबा, दोन्ही टोकांना १०० वॉटचा साधा बल्ब क्षणभर टेकवून डिस्चार्ज करा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय वाईट. वायरी काढायच्या आधी फोटो घ्या. ५० मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर ४७ च्या खाली आला की बदला, त्याच आकड्याचा आणि ४४० व्होल्टचाच. वर फुगलेला दिसला तर मोजायचीही गरज नाही. कपॅसिटर दुबळा झाला की मोटरचा जोर कमी पडतो आणि अँपिअर वाढतात. पंख्याचा छोटा कपॅसिटरही मोजा, पंखा मंद झाला तरी कॉम्प्रेसरच तापतो.

वायरमन_तासगाव
वरच्याशी सहमत. फक्त 'संध्याकाळी जास्त' याकडे दुर्लक्ष नको. व्होल्टेज बोर्डावर आणि रिकाम्या लाइनवर मोजून उपयोग नाही. रात्री ८ वाजता, कॉम्प्रेसर चालू असताना, आउटडोअरच्या टर्मिनलवरच मोजा. स्टॅबिलायझरच्या आउटपुटला २२५ आणि तिथे २१० असेल तर मधले १५ व्होल्ट वायर आणि जोड खातायत. बहुतेक वेळा १६ अँपिअरच्या सॉकेटमधली ढिली पिन, नाहीतर टर्मिनलवरचा काळा पडलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी. लग पिवळसर, ठिसूळ झाला असेल तर कापून नवा क्रिंप करा. वायर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची. सांगलीच्या गावभागात पुराचं पाणी चढलेल्या युनिटमध्ये हे जोड आतून गंजलेले असतात, बाहेरून चांगले दिसतात.

विश्रामबागकर (सांगली)
आज सगळं मोजलं. अँपिअर सुरुवातीला ८.२, चौथ्या मिनिटाला ११.४ आणि टक्. कपॅसिटरवर ५० लिहिलंय, मीटरवर ३४. टर्मिनलवर रात्री २१२ व्होल्ट. कव्हर काढलं तर कॉइलच्या मागच्या बाजूला काळा थर, बोटानं सोलला तर वाकळीसारखा निघतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती.

मिरजेचा मेकॅनिक
सापडलं. ती उसाच्या पाचटाची काजळी आणि धूळ. गळीत हंगामात शेतं पेटवली की ती उडून येते आणि पंखा मागून हवा ओढतो म्हणून मागेच बसते. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगमध्येही सुटते. एमसीबी बंद, टर्मिनल आणि पंख्याच्या मोटरवर प्लास्टिक बांधा, आणि पाण्याचा पाइप आतून बाहेर धरा. बाहेरून मारलंत तर घाण आणखी आत घुसेल. गाडी धुवायचा प्रेशर पंप नको, फिन आडव्या होतात. निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, पूर्ण वाळल्यावरच चालू करा. कपॅसिटर बदला. मग परत अँपिअर मोजून सांगा.

विश्रामबागकर (सांगली)
दोन्ही केलं. अँपिअर ७.३ वर स्थिर, २० मिनिटं झाली तरी उडला नाही. गॅसला हात लावला नाही. सॉकेटचा लगही बदलला, टर्मिनलवर आता २२१.

कराडचा_रहिवासी
आमच्याकडे पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकदमच थांबतात, ३ मिनिटांनी परत सुरू. खोली गार होत नाही. हाच प्रकार का?

मिरजेचा मेकॅनिक
नाही, तुमचं पीसीबी बंद करतंय. ३ मिनिटांचा थांबा तर त्यातच ठरवलेला असतो, प्रेशर समान होण्यासाठी. इनडोअरचा फिल्टर काढा, मागे कॉइलच्या फिनजवळ क्लिपमध्ये खोलीचा सेन्सर असतो. क्लिप सुटून तो कॉइलला टेकला की त्याला खोली १८ अंशांवर गेल्यासारखी वाटते. जागेवर बसवा. इनडोअरच्या समोर कपाट किंवा पडदा असेल तरी थंड हवा परत फिरून सेन्सरवरच येते. एवढं करूनही तेच होत असेल तर सेन्सर सोडवून ओहममध्ये मोजा. २५ अंशांला बऱ्याच मॉडेलमध्ये १० किलोओहम, काहींत ५. मुठीत धरला की आकडा हळूहळू उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा हललाच नाही, तर सेन्सर गेला.