मदत हवी आहे: लेबल हरवलेली उरलेली लोकर कशी विकावी?

स्वेटर, शाली विणून उरलेली साधारण 4 किलो लोकर विकायची आहे. न उघडलेल्या, लेबल असलेल्या गुंड्यांची चिंता नाही. अडचण आहे ती अर्धवट गुंड्यांची.

प्रत्येकाचं वजन करून चिठ्ठी लावली आहे. जाडीसाठी पट्टीवर धागा गुंडाळून एका इंचात किती वेढे बसतात तेही मोजलं. छोटा तुकडा जाळून पाहिला: जळक्या केसांसारखा वास आला ती खरी लोकर, वितळून कडक मणी झाला तो अ‍ॅक्रिलिकसारखा कृत्रिम धागा. पण मिश्र धाग्यात कशाचं किती प्रमाण, हे यातून कळत नाही आणि अंदाजाने काहीतरी सांगून विकणं मला पटत नाही. डाय लॉटही (धागा कोणत्या खेपेत रंगवला त्याचा क्रमांक; खेप बदलली की छटा थोडी बदलू शकते) माहीत नाही, त्यामुळे मोठ्या विणकामाला हे गुंडे चालणार नाहीत.

कसर लागलेली नाही, सगळं बंद डब्यात होतं. उसवलेली लोकर यात नाही. एकेक गुंडा पाठवत बसणं जमणार नाही, म्हणून गठ्ठेच करायचे आहेत.

ज्यांनी अशी लोकर विकली किंवा घेतली आहे त्यांनी सांगा: गठ्ठे जाडीप्रमाणे बांधू की रंगाप्रमाणे? आणि लेबल नसलेल्या लोकरीला नव्याच्या तुलनेत किती किंमत मागणं रास्त ठरेल?